होडीवरचे दुसरे माणूस

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका जोडप्याने स्वतःच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या निवांत सफरीवरचा लेख मी दोनदा वाचला. समुद्राच्या वाटेला सहसा न जाणाऱ्या वाचकालाही त्या प्रवासाची ओढ लागावी, इतका तो मनापासून लिहिलेला आहे आणि त्याबद्दल लेखकाचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. तरीही त्यातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. पती होडी चालवतात आणि पत्नी त्यांना सोबत करतात, असे ते वाक्य आहे. लेखातील सर्व छायाचित्रांत सुकाणूवर पतीच दिसतात. पत्नी कुठे नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, बसून क्षितिजाकडे पाहत आहेत, तर कुठे पुस्तक वाचत आहेत. लेखकाने हे सहज लिहिले असेल आणि त्यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू मुळीच नसेल. पण गेली ११ वर्षे मी माझ्या पतींबरोबर ३१ फुटी शिडाच्या होडीतून दर हंगामात काही आठवडे किनाऱ्याने फिरते आणि त्यातली पहिली दोन वर्षे मीही अशीच सोबत करत होते. ती दोन वर्षे आम्ही केवढ्या धोक्यात काढली हे आम्हाला फार उशिरा कळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अशी सफर निवांत असते हे लेखकाचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्यासारखी होडी बेताच्या वाऱ्यात ताशी पाच सागरी मैल, म्हणजे पाच नॉट वेगाने जाते. सागरी मैल १,८५२ मीटरचा. त्यामुळे सकाळी नांगर उचलून दुपारी पुढच्या खाडीत पोहोचेपर्यंत पंचवीस मैल झाले तर आम्ही तो दिवस चांगला गेला असे समजतो. मोटारीने तासाभरातही कापून होणाऱ्या या अंतराला आमचे पाच-सहा तास लागतात. या संथपणामुळे किनारा हळूहळू उलगडत जातो. रस्त्यावरून कधीच न दिसणारी कड्यांची पाण्याकडची बाजू दिसते, पहाटेचा मतलई वारा कधी मंदावला आणि दुपारचा खारा वारा कधी सुरू झाला हे गालाला कळते आणि काल नकाशावर नुसता ठिपका असलेला दीपस्तंभ आज तासभर डोळ्यांसमोर मोठा होत राहतो. हे सुख मी जन्मात दुसऱ्या कशाला बदलून घेणार नाही. परंतु याच निवांतपणाच्या पोटात एक फसवणूक दडलेली असते आणि तिच्याकडे लेखकाचे लक्ष गेलेले नाही.

दोघांनीच महासागर ओलांडायचा असेल तर होडी रात्रंदिवस चालू असते आणि एक जण झोपलेला असताना दुसऱ्यालाच सगळे पाहावे लागते. त्या प्रवासात दुसऱ्या माणसाला नुसते सोबती राहताच येत नाही. एरिक आणि सुसान हिस्कॉक या दाम्पत्याने १९५२ ते १९५५ या काळात आपल्या ३० फुटी ‘वाँडरर थ्री’ या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे लिन आणि लॅरी पार्डी यांनी स्वतः बांधलेल्या, इंजिन नसलेल्या दोन लहान होड्यांतून अनेक दशके जगभर प्रवास केला. अशा जोडप्यांत पाळीपाळीने प्रत्येक जण कप्तान असतो, कारण पहारा वाटून घेतल्याशिवाय तो प्रवास होतच नाही. किनाऱ्याच्या सफरीत मात्र रोज संध्याकाळी नांगर पडतो, रोज रात्री दोघेही झोपतात आणि दिवसाचे पाच-सहा तास एकटा माणूस सहज सुकाणू सांभाळू शकतो. त्यामुळे दुसऱ्याने काही शिकले नाही तरी दिवसामागून दिवस काहीही अडत नाही. कधी अडेल तेव्हा मात्र किनारा जवळ असल्यामुळेच फार कमी वेळ हाताशी असतो. खोल समुद्रात तासभर होडी नुसती वाहत गेली तरी बहुधा ती कशावर आपटत नाही. भूशिरापासून अर्ध्या मैलावर ताशी दोन मैलांच्या प्रवाहात ती वाहू लागली, तर पाव तासात खडक समोर येतो.

आमच्या तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला नेमके हेच घडले. एका मोठ्या भूशिराला वळसा घालताना वारा अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि त्याच सुमारास भरतीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फिरला. वारा आणि प्रवाह एकमेकांसमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा तेवढाच असला तरी समुद्र वेगळाच वाटू लागतो. पुढच्या शिडाची दोरी कशात तरी अडकली म्हणून माझे पती नाळेकडे गेले. होडी एका लाटेवरून खाली आदळली, त्यांचा पाय घसरला आणि ते मनगटावर पडले. मनगटाचे हाड मोडले होते. ते कसेबसे सरपटत मागे आले, बाकावर टेकून बसले आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग पाहून माझे हातपाय गळाले. मुख्य शीड कोणत्या दोरीने उतरते हे मला ठाऊक नव्हते. इंजिन सुरू करण्याआधी कोणती दोरी पाण्यात लोंबकळत नाही ना हे पाहावे लागते, नाहीतर ती होडी ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळली जाते, हेही ठाऊक नव्हते. आम्ही नकाशावर कुठे आहोत हे विचारले असते तर मला बोट ठेवता आले नसते. त्यांनी वेदना सोसत, एकेक वाक्य तोडत, दोन तास मला सांगितले आणि मी ते ऐकून हात हलवत गेले. संध्याकाळी बंदरात एका अनोळखी होडीवाल्याने आमच्या दोऱ्या धरल्या तेव्हा माझ्या बोटांना मूठ उघडता येत नव्हती.

त्या रात्री आम्ही दोघेही एकाच गोष्टीचा विचार करत जागे होतो. पण ती बोलून दाखवायला पहाट उजाडावी लागली. ते होडीत पडले म्हणून सांगू तरी शकले. दोन फूट पलीकडे पडले असते तर?

हा प्रश्न मी त्यानंतर अनेक जोडप्यांना विचारला आहे आणि बहुतेकांनी विषय बदलला आहे. म्हणून त्याचा हिशेब इथे मांडते. पाच नॉट वेगाने जाणारी होडी एका सेकंदाला अडीच मीटर पुढे सरकते, म्हणजे एका मिनिटात दीडशे मीटर. लाटांच्या मधून वर येणारे माणसाचे डोके तेवढ्या अंतरावरून शोधणे हे मोकळ्या मैदानात दूरवर पडलेला नारळ शोधण्यापेक्षा कठीण आहे, कारण ते डोके दर काही क्षणांनी लाटेआड जाते. होडीवर चार-पाच माणसे असतील तर एकाने दुसरे काहीही न करता पडलेल्या माणसाकडे सतत बोट दाखवत राहायचे, असा जुना शिरस्ता आहे. दोघांच्या होडीत बोट दाखवायला कोणी उरतच नाही. मागे राहिलेल्याने एकाच वेळी पाहायचे असते, होडी थांबवायची असते, तरंगते कडे फेकायचे असते, जीपीएसवर ती जागा नोंदवणारे बटण दाबायचे असते आणि शक्य होताच मदत मागायची असते. यातली प्रत्येक गोष्ट सोपी आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्यासाठी त्या वेळी एकही सोपी नसते.

यासाठी आम्ही जो सराव करतो तो असा. कोणतीही पूर्वसूचना न देता एक जण होडीच्या कडेला लावायचा हवेचा फुगा आणि त्याला बांधलेली बादली पाण्यात टाकतो आणि ‘माणूस पाण्यात’ असे ओरडून गप्प बसतो. त्यापुढे त्याने तोंड उघडायचे नाही. दुसऱ्याने लगेच होडीचे तोंड वाऱ्याकडे आणि तसेच वाऱ्यापलीकडे वळवायचे, मात्र पुढच्या शिडाची दोरी सोडायची नाही. शीड उलट्या बाजूने फुगते आणि होडी जवळपास जागेवर थांबते. या एका कृतीने दीडशे मीटरांचे अंतर वीस-तीस मीटरांवर येऊ शकते आणि विचार करायला वेळ मिळतो. मग दोऱ्या पाण्यात नाहीत हे पाहून इंजिन, मग हळूहळू जवळ, आणि माणूस होडीच्या कुशीला आला की पंखा फिरता कामा नये म्हणून गिअर न्यूट्रलला. पहिल्या वेळी मला बादलीपर्यंत पोहोचायला चौदा मिनिटे लागली. आता वारा बेताचा असेल तर चारच्या आत पोहोचते आणि तरीही दर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात हा सराव चुकवत नाही, कारण हिवाळाभरात हात विसरतात.

जवळ पोहोचणे हा अर्धाच भाग आहे. भिजलेल्या कपड्यांतला, थंडीने गारठलेला ऐंशी किलोचा माणूस पाण्याच्या पातळीपासून मीटरभर उंच कठड्यावरून आत ओढणे बहुतेक कोणाही एकट्या माणसाला जमत नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. थंड पाण्यात पडल्याबरोबर श्वास अनावर होतो आणि काही मिनिटांतच बोटांची पकड जाते. म्हणजे ज्याला आपण दोर फेकला तो दोर धरू शकेलच असे नाही. शीड वर चढवण्याची दोरी विंचवर, म्हणजे दोरी ओढण्याच्या हातचक्रावर, गुंडाळून तिच्या दुसऱ्या टोकाला माणसाच्या अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा हूक अडकवला, तर माझ्या ताकदीच्या बाईलाही तो वर घेता येतो. हे मी खात्रीने सांगते, कारण शांत पाण्यात, नांगर टाकलेला असताना, माझे पती स्वतः पाण्यात उतरले आणि मी त्यांना तसे वर घेतले. त्या दिवशी दोरी चार वेळा चुकीच्या ठिकाणी अडकली. ती चूक तिथेच झाली, म्हणून पुढे कधी होणार नाही.

अर्थात पाण्यात न पडणे हेच सर्वांत चांगले. एकटा माणूस सुकाणूवर असेल, अंधार असेल किंवा शीड आवळून लहान करावे लागेल इतका वारा असेल तर पट्टा आणि त्याची दोरी होडीला अडकवलेली असलीच पाहिजे, हा आमचा नियम आहे. कंटाळा आला म्हणून तो मोडायचा नाही आणि दुसऱ्याने आठवण केली तर रागवायचे नाही.

या विषयावर बोलताना मला अ‍ॅन डेव्हिसन यांची आठवण येते. १९४९ मध्ये त्या आणि त्यांचे पती फ्रँक कर्जाच्या तगाद्याखाली, पुरती तयारी न झालेली एक जुनी मोठी होडी घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाले. वादळांनी आणि थकव्याने दोघेही खचले, होडी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बिल या भूशिराच्या खडकांवर फुटली आणि फ्रँक यांचा मृत्यू झाला. अ‍ॅन वाचल्या. पुढे त्यांनी होडी चालवण्याचे शिक्षण पद्धतशीर घेतले आणि १९५२-५३ मध्ये अवघ्या २३ फुटी ‘फेलिसिटी अ‍ॅन’मधून अटलांटिक महासागर एकटीने ओलांडला, शिडाच्या होडीतून तो एकटीने ओलांडणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या धैर्याची कथा लोक आवडीने सांगतात. मी मात्र तिच्या पहिल्या भागापाशी अडखळते. घाई होती, थकवा होता, होडी दोघांना झेपणारी नव्हती. आणि हे सगळे किनाऱ्यालगतच घडले.

घाई हा शब्द आला म्हणून लेखातील आणखी एका गोष्टीबद्दल लिहिते. त्या जोडप्याला अमुक तारखेला अमुक बंदरात पाहुण्यांना भेटायचे होते आणि त्यासाठी त्यांनी खराब हवेत एक टप्पा पार केला, याचे लेखकाने कौतुक केले आहे. मला ते वाचून काळजी वाटली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. १८०५ मध्ये ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी वाऱ्याची जी श्रेणी तयार केली तिच्या आजच्या रूपात चौथ्या पायरीवरचा वारा ११ ते १६ नॉटचा आणि सहाव्या पायरीवरचा २२ ते २७ नॉटचा. कागदावर दोनच पायऱ्यांचे अंतर. पण चौथ्या पायरीवर जी होडी गाणे म्हणत जाते तीच सहाव्या पायरीवर दोघांचे सगळे बळ मागते. आमच्याकडे पाहुण्यांना आम्ही एकच सांगतो: ठिकाण ठरवा किंवा दिवस ठरवा, दोन्ही मिळणार नाहीत.

निघायचे की नाही हे ठरवताना आमच्यात आणखी एक रीत आहे आणि माझ्या मते आमचे सहजीवन समुद्रावर टिकले ते तिच्यामुळे. दोघांपैकी जो कोणी ‘आज नको’ म्हणेल त्याचे ऐकायचे. कारण विचारायचे नाही, पटवून द्यायला लावायचे नाही, नंतर हवा चांगली निघाली तरी टोमणा मारायचा नाही. पूर्वी मी भीतीपोटी ‘नको’ म्हणत असे आणि माझे पती त्यावर हवामानाचा अंदाज उलगडून मला समजावत बसत. मला तो अंदाज वाचता येत नसल्यामुळे माझ्या ‘नको’ला वजन नव्हते आणि त्यांच्या ‘हो’ला आव्हान नव्हते. आता सकाळी आम्ही दोघेही अंदाज वेगवेगळा वाचतो, भरती-ओहोटीच्या वेळा वेगवेगळ्या काढतो आणि मग एकत्र बसतो. गेल्या हंगामात तीनदा त्यांनी ‘नको’ म्हटले आणि दोनदा मी. एकदा तर आम्ही एका लहानशा खाडीत सलग चार दिवस पडून होतो. पावसाचा ताशा वर वाजत होता, आत दिवा होता, आणि चौथ्या दिवशी आम्हाला निघावेसेच वाटेना.

भरती-ओहोटीचा हिशेब वेगवेगळा काढण्यामागेही कारण आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज धरून चालणे ही थकलेल्या माणसाची नेहमीची चूक. पाणी चढतेही सारखे नाही. सहा तासांत तीन मीटर चढायचे असेल तर पहिल्या तासात जेमतेम पाव मीटर चढते, तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाऊण-पाऊण मीटर आणि शेवटच्या तासात पुन्हा पाव. एका संध्याकाळी ओहोटीच्या वेळी आम्ही चार मीटर पाण्यात नांगर टाकला. नाळेची पाण्यापासूनची उंची एक मीटर. पाच मीटरांच्या पाचपट म्हणून माझ्या पतींनी २५ मीटर साखळी सोडायचे ठरवले. मी माझ्या कागदावर ४० मीटर लिहिले होते, कारण मध्यरात्रीपर्यंत पाणी आणखी तीन मीटर चढणार होते आणि पाचपट काढायची ती आठ मीटरांची. ते अनुभवाने माझ्याहून खूप मोठे आहेत; त्या दिवशी ते सात तास सुकाणूवर होते, एवढेच. आम्ही ४० मीटर सोडली. रात्री वारा उठला तेव्हा शेजारची एक होडी नांगरासकट फरफटत गेली आणि तिच्यावरच्या माणसांनी उरलेली रात्र इंजिन चालू ठेवून काढली. आमची होडी जागची हलली नाही.

कामांच्या वाटणीबद्दलही मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जवळजवळ प्रत्येक बंदरात एकच दृश्य दिसते: पती सुकाणूवर आणि पत्नी नाळेवर, हातात दोरी घेऊन, धक्क्यावर उडी मारण्याच्या बेतात. हे उलटे आहे. होडी धक्क्याला लावताना सुकाणूला ताकद लागत नाही, इंजिनच सगळे बळ लावते. तिथे नजर आणि संयम लागतो. ताकद लागते ती दोरी आवळायला, साखळी ओढायला, होडी हाताने आवरून धरायला. ज्याच्या अंगात बळ अधिक त्याने पुढे जावे आणि दुसऱ्याने सुकाणू धरावे, हेच शहाणपणाचे. त्यातही उडी कोणीच मारू नये; दोरी हातात देता येण्याइतकी होडी जवळ आली नाही, तर पुन्हा वळसा घेऊन यावे. आम्ही वाटणी बदलल्यापासून आमचे धक्क्यावरचे ओरडणे थांबले. नांगर टाकतानाही आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या आहेत: मूठ मिटली की थांब, तळहात मागे केला की मागे घे. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात हाक अर्धी पोहोचते आणि अर्धी पोहोचलेली हाक रागावल्यासारखी ऐकू येते.

हे सगळे मी पतींकडून शिकले नाही. तसा प्रयत्न आम्ही केला होता आणि तो महिनाभरात सोडून दिला, कारण मी चुकले की ते न राहवून हातातले काम स्वतः घेत आणि ते घेतात हे ठाऊक असल्यामुळे मी हात आखडता घेत असे. मी एका प्रशिक्षकाकडे गेले, अनोळखी माणसांबरोबर अनोळखी होडीवर शिकले, चुका केल्या आणि त्या स्वतःच निस्तरल्या. परत आले तेव्हा आम्ही ठरवले की एक दिवस ते कप्तान आणि एक दिवस मी. ज्याचा दिवस त्याने मार्ग आखायचा, वेळ ठरवायची, होडी बाहेर काढायची आणि आत घालायची. दुसऱ्याने सांगितलेलेच काम करायचे आणि धोका दिसला तरच बोलायचे. माझ्या पतींना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी पहिल्यांदाच किनारा नीट पाहायला मिळाला, असे त्यांनीच मला सांगितले. इतकी वर्षे ते शिडाकडे, खोलीच्या आकड्याकडे आणि घड्याळाकडेच पाहत आले होते. मला हे त्याआधी कधी सुचले नव्हते: दुसऱ्याला काही येत नसेल तर पहिल्याला कधी विश्रांती नसते.

रेडिओबद्दल थोडक्यात. व्हीएचएफ संचाच्या, म्हणजे होडीवरच्या बिनतारी रेडिओच्या, शेजारी आम्ही एक कागद चिकटवला आहे. जिवावर बेतले असेल तर सोळाव्या वाहिनीवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक, मग होडीचे नाव, आपले ठिकाण, काय झाले आणि किती माणसे आहेत, हे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. लाल झाकणाखालचे बटण दाबून धरले की होडीची ओळख आणि संच जीपीएसला जोडलेला असेल तर तिचे ठिकाणही आपोआप पाठवले जाते, हेही लिहिले आहे. पाहुणे आले की सर्वप्रथम आम्ही त्यांना हा कागद दाखवतो.

लेखात मासेमारीच्या होड्या वाटेत आडव्या येतात अशी एक तक्रार आहे, तिच्याशीही मी सहमत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मासेमारीत गुंतलेल्या होडीला शिडाच्या होडीने वाट द्यायची असते. त्यांच्या मागे जाळे असते, त्यांना पटकन वळता येत नाही आणि ते तिथे पोटासाठी आलेले असतात. आम्ही मौजेसाठी फिरतो. आम्हाला अर्ध्या मैलाचा वळसा पडला तर काहीच बिघडत नाही. मनगटाच्या त्या अपघाताच्या दिवशी आमच्या दोऱ्या धरणारा माणूसही असाच दिवसभर जाळी ओढून परतलेला होता, हे मी विसरू शकत नाही.

संपादक महोदय, आपली पुरवणी वाचून यंदा काही जोडपी पहिल्यांदाच स्वतःची होडी घेण्याचा विचार करतील आणि त्यांनी तो जरूर करावा. मी दुसऱ्या कोणाला तो आनंद नाकारू इच्छित नाही. माझी विनंती एवढीच आहे की यापुढे अशा एखाद्या जोडप्याची मुलाखत घ्याल तेव्हा होडीची लांबी, किंमत आणि पाहिलेली स्थळे विचारण्याआधी दोघांना वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारावा, आणि दोघांचीही उत्तरे शेजारीशेजारी छापावीत: तुमचा जोडीदार आत्ता पाण्यात पडला, तर पहिल्या मिनिटात तुम्ही काय कराल?

आपली,
एक वाचक